वडिलांची ईर्षा

माणूस कशासाठी उठतो, हे मी कॉलेजात पोरांना शिकवते. फळ्यावर गरजांचा त्रिकोण काढते, खाली अन्न, वर मान. आमची कोल्हापूरची ईर्षा मात्र त्यात कुठंच बसत नाही.

माझे वडील ईर्षेवर जगले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणायच्या, मालकाच्या हाकेसरशी कुणाची म्हैस आधी धावत येते ते बघायचं आणि वर्षभर मिशीला पीळ द्यायचा. समोरच्या गल्लीतल्या गवळ्याशी त्यांचा उभा दावा. त्याला हरवायचं म्हणून हे पहाटे उठत. आमच्यासाठी उठले असते असं मला तरी वाटत नाही.

लकवा झाला आणि डावा पाय गेला, बोलणंही जड झालं. डॉक्टर म्हणाले, रोज पाय उचलला तर चालतील, नाहीतर खाट सुटणार नाही. मी गोड बोलले, ओरडले, नातीला पुढं केलं. पाय ढिम्म. शेवटी आईनं भाकरी थापता थापता एक थाप मारली, "त्यो समोरचा म्हणत हुता, म्हातारा संपला की!" वडिलांचा पाय वीतभर वर आला. मग आई रोज नवा टोमणा रचायची. दिवाळीच्या तोंडावर ते भिंत धरून उभे राहिले. आनंदानं मी ढसाढसा रडले.

टोमणे गल्लीभर झाले आणि तो गवळी कळवळून घरी आला. उशाशी बसून म्हणाला, "दादा, मी असलं बोलीन व्हय? यंदा म्हशी काढणारच न्हाय मी. तुमच्याबिगार कुणासंगं पळवू?" मनाचा चांगला माणूस, दुसरं काय म्हणणार!

दुसऱ्या दिवशी पाय हलला नाही. नंतरही नाही. आईचं आता कोण खरं मानणार? मी त्याच्या गोठ्यात जाऊन हात जोडले, "काका, एकदा खरोखर डिवचा त्यांना." तो बिचारा आला. दारातूनच ओरडला, "काय म्हाताऱ्या, भ्यालास व्हय?" आणि लगेच पटक्याच्या शेवानं डोळे पुसायला लागला.

वडिलांनी चांगल्या हातानं खाट थोपटून त्याला शेजारी बसवलं. आजारपणात पहिल्यांदाच ते हसले, अगदी मायेनं. आता ते उठणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.