ऑपरेशनआधीचे पंचवीस दिवस

साहेबराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात लाईनमन होते. औरंगपुरा ते गुलमंडी या भागातल्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह त्यांच्या हातात. मी त्याच खात्यात कारकून. पाणी आलं की बायका त्यांना चहा पाजायच्या, नाही आलं की शिव्या द्यायच्या. ते दोन्ही हसून घ्यायचे. खांद्यावर लोखंडी चावी घेऊन दिवसभर पायी फिरणारा माणूस. निवृत्तीनंतर फिरणं सुटलं, बिडी तेवढी राहिली.

गेल्या वर्षी त्यांचा घास अडकू लागला. अन्ननलिकेत गाठ निघाली. छाती उघडून ती काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि पंचवीस दिवसांनंतरची तारीख दिली. तोवर फिजिओथेरपी करा, म्हणून त्यांनी आम्हाला खालच्या मजल्यावर रूपा मॅडमकडे पाठवलं. साहेबरावांचा मुलगा इंद्रजीत आणि मी बरोबर होतो.

मॅडमनी साहेबरावांना दोन जिने चढायला लावले. दुसऱ्या जिन्याच्या मध्यावर ते कठड्याला टेकले.

"काका, गाठ डॉक्टर काढतील. पण नंतर छातीतला कफ तुम्हालाच खोकून काढायचाय, तोही टाके दुखत असताना. त्याची ताकद आत्ताच कमवायला हवी."

बारा वेळा यायचं, रोज चालायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, बिडी बंद. एका वेळचे चारशे रुपये.

"ऑपरेशन सरकारी योजनेत फुकट," इंद्रजीत म्हणाला, "आणि श्वास घ्यायला चारशे?"

"हे योजनेत बसत नाही, खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण व्हेंटिलेटरवरचा एक दिवस या सगळ्यापेक्षा महाग पडतो. योजनेची मर्यादा संपली तर तो तुमच्याच खिशातून जातो."

बाहेर आल्यावर साहेबरावांनी मला विचारलं, "केशवराव, तुम्ही शिकलेले. काय करावं?"

जावं, असं मला वाटत होतं. पण दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत आपण कसं बोलायचं? "इंद्रजीत ठरवेल ते," एवढंच मी म्हणालो. इंद्रजीतनं काहीच ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून साहेबरावांच्या गावाकडचे, गंगापूरकडचे पाहुणे येऊ लागले. मोठं ऑपरेशन असलं की त्याआधी भेटून यायची तिकडं रीत आहे. जीप भरून माणसं यायची आणि साहेबराव कॉटवर पांघरूण घेऊन पडलेले असायचे. उठून बसले तरी चार हात त्यांना परत झोपवायचे. एकदा ते कोपऱ्यापर्यंत चालून आले, तर नेमका त्यांचा चुलतभाऊ सांडू जीपमधून उतरत होता.

"दादा, गाठ घिऊन हिंडतो व्हय? लोक म्हनतील, पोरानं बापाला सांभाळलं नाय."

त्या दिवशी वच्छलावहिनींनी नवऱ्याच्या चपला माळ्यावर टाकल्या.

"चपला लपवायला तू माझी मेव्हणी हायेस का गं?" साहेबराव म्हणाले. सगळे हसले. चपला काही खाली आल्या नाहीत.

मी रोज संध्याकाळी जात असे. त्यांच्या मांड्या बारीक होत होत्या. आधी ते न्हाणीपर्यंत सरळ जायचे, मग भिंत धरून, मग सांडूचा खांदा धरून. तिसऱ्या आठवड्यात चार शब्द बोलले की ते थांबायचे आणि मी पुढच्या शब्दाची वाट बघत बसायचो. "आराम चांगला चाललाय," पाहुणे म्हणायचे.

भरती व्हायच्या दिवशी रूपा मॅडमनी पुन्हा जिना दाखवला. साहेबराव सहाव्या पायरीवर बसले.

मॅडम डॉक्टरांना बोलावून घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे थांबून ताकद आणता येईल. गाठ एवढ्यात फार वाढणार नाही, पण मी शब्द देऊ शकत नाही. तुम्ही ठरवा."

"योजनेची मंजुरी आलीय," इंद्रजीत म्हणाला. "पाच जण रक्त द्यायला कामं सोडून आलेत. त्यांना काय सांगू, दादांना जिना चढता येत नाय म्हणून घरी जा?"

साहेबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा औषधांचा फलक वाचत राहिलो.

"होऊन जाऊ द्या," ते म्हणाले.

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. सांडूनं पेढे वाटले, मीही एक खाल्ला. तिसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. कफ वर येईना. रात्री त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं.

सहा दिवसांनी श्वासाची नळी काढली, तेव्हा खोकताना आधार म्हणून रूपा मॅडमनी त्यांच्या टाक्यांवर उशी धरली. वच्छलावहिनी वाकून म्हणत होत्या, "खोका की वो. एकडाव खोका." साहेबरावांनी डोळे मिटून जोर लावला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आला तो कागद सरकल्यासारखा. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही. दुपारी चार वाजता नळी परत घातली. योजनेची मर्यादा त्याच आठवड्यात संपली. मग इंद्रजीतनं गावाकडची अर्धा एकर जमीन विकायला काढली.

ऑपरेशननंतर एकोणिसाव्या दिवशी पहाटे साहेबराव गेले.

कागदांवर सह्या झाल्यावर इंद्रजीतनं रूपा मॅडमना पॅसेजमध्ये गाठलं. "मॅडम, त्या बारा वेळा आलो असतो तर दादा वाचले असते?"

"नक्की कुणालाच सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोकले असते, असं मला वाटतं."

तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्हाला तवा काय वाटलं होतं?"

मी त्याला खरं सांगितलं. तो साहेबरावांना न्यायला गाडी बघायला खाली गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.