कुरडयांचं ऊन

सकाळी गच्चीवर कुरडया घालत होते. शेजारची सुलभा कुंड्यांवर हिरवी जाळी बांधायला आली. एक दोरी बांधून झाली आणि ती थबकली. "काकू, तुमच्या कुरडयांचं ऊन अडेल का हो?"

अडणारच होतं. ओल्या कुरडयांना पहिल्या दिवशी कडक ऊन मिळालं नाही, तर वास येतो. "चारनंतर बांध," मी म्हटलं. तिनं लगेच दोरी सोडली. कुणाचं ऊन अडवण्याआधी विचारायचं, ही आमच्या गच्चीची जुनी रीत आहे.

मला माझी लेक मुक्ता आठवली. पृथ्वी तापतेय, म्हणून आकाशात बारीक कण सोडून ऊन सौम्य करता येईल का, यावर ती संशोधन करते. किनाऱ्यावर पहिली छोटी चाचणी ठरली होती, नेमकी मिठागरांच्या डोक्यावर. "एवढ्याशानं कुणाला काय कळतंय?" तिचे साहेब म्हणाले. मुक्ता अडून बसली, की ज्यांचं मीठ उन्हावर पिकतं त्यांना आधी विचारा. शोध घ्यावा, जरूर घ्यावा. तापलेल्या जगाला उद्या सावली लागेलही. पण ऊन कुणा एकाच्या मालकीचं नाही, म्हणून तर ते अडवण्याआधी विचारावं लागतं.

दुपारी तिचा फोन आला. "आई, चाचणी थांबवली! आधी मिठागरात बैठक. ते नाही म्हणाले, तर नाही!"

चारला सुलभानं विचारलं, "बांधू का आता?"

"बांध!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दचकली.

"काय झालं हो काकू?"

"अगं, माझ्या लेकीनं अख्ख्या आभाळाला आपल्या गच्चीची रीत लावली!"