जाळं विणणारा

पन्नासच्या दशकात मी चिमूरजवळच्या एका गावात शिक्षिका होते. शाळेशेजारच्या तलावाच्या पाळीवर एक म्हातारा ढिवर, म्हणजे मासेमार, रोज जाळं विणत बसायचा. दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवलेला, नजर पाण्यावर, बोटं चालूच. एकदा मी विणून पाहिलं आणि गोंधळले.

तो म्हणाला, "बाई, पुरं जाळं डोस्क्यात काऊन घेता? एक गाठ शिका, तेच करत राहा. कुठी थांबाचं, थे मात्र पयले ठरवा."

वयाच्या साठीत मी संगणक शिकायला गेले. माझा लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा प्रोग्राम, एकच ओळ छापत राहिला, थांबेचना. वर्ग सोडावासा वाटला. तेवढ्यात म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. मी थांबायची अट आधी लिहिली. दहा ओळी छापून प्रोग्राम थांबला.

"लूप कुणी शिकवला?" शिकवणाऱ्या मुलीने विचारलं.

त्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. त्याला आठवून मी हात जोडले.