दोघींचा एक डबा

अक्कांना जाऊन दीड महिना झाला. शेवटची भेट दवाखान्यात झाली. मी सकाळी मऊ भात आणि पातळ वरण घेऊन गेले होते, पण त्यांना चमचाभरही गिळवत नव्हतं. डोळे मिटलेले होते. झोप लागली असेल असं वाटून मी आवाज न करता डबा बंद केला आणि पिशवीत ठेवायला लागले, तेव्हा डोळे न उघडताच म्हणाल्या, "झाकण दाबलंस का?" मी म्हटलं, "दाबलं." "परत दाब." ... मी परत दाबलं. त्यानंतर त्या माझ्याशी काही बोलल्या नाहीत. मी घरी पोचले आणि तासाभरात दवाखान्यात थांबलेल्या पुतण्याचा फोन आला.

दर रविवारी जेवणं उरकली की अक्का मला पेपरची पुरवणी मोठ्याने वाचायला लावायच्या. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पुढची शाळा नदीपलीकडच्या गावात होती म्हणून वडिलांनी घरी बसवलं. पण अक्कांच्या या रविवारांमुळे माझं वाचन सुटलं नाही. पुरवणीत गेलेल्या माणसांवर कुणी कुणी लिहिलेलं असायचं. ते ऐकून अक्का म्हणायच्या, "मेल्यावर सगळेच थोर होतात. जिवंतपणी कुणी चहाला तरी विचारलं होतं का?" त्यामुळे मी त्यांना थोर म्हणणार नाही. त्यांची जीभ तिखट होती आणि त्यांच्यासमोर बोलायला मी घाबरायचे. तरी एक गोष्ट मला लिहून ठेवायची आहे. ती मला स्वतःलाच त्या गेल्यानंतर कळली. कुणाला दाखवायची नाही म्हणून या वहीत लिहिते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचे हे गेल्यावर दोन महिन्यांनी त्या स्वतः गावी आल्या आणि मला पुण्यात कर्वेनगरच्या घरी घेऊन आल्या. तळमजल्यावर तीन खोल्या, पुढच्या खोलीत त्यांची मेस. त्या वर्षांत कर्वेनगरात जिकडेतिकडे खोदलेलं असायचं. काल जिथे ज्वारी होती तिथे आज सोसायटीचा पाया. गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि जून-जुलैत बाहेरगावची मुलं ट्रंका घेऊन उतरायची. पंचवीस-तीस मुलं आमच्याकडे जेवायची. मी आतल्या खोलीत बसून पोळ्या लाटायचे. बाहेर येऊन वाढणं मला जमायचं नाही, कुणी नजरेला नजर दिली की मी आत पळायचे. भाजी अक्काच आणायच्या. खरं सांगायचं तर आल्यापासून दोन वर्षांत मी गल्लीचं टोकसुद्धा ओलांडलं नव्हतं. अक्का त्यावर कधी काही बोलल्या नाहीत, मला वाटायचं त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

त्या वर्षी आतल्या खोलीत कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं देऊन, एक मुलगी राहायला आली. वर्षा. वाशीमकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची पोर, बारावीला चांगले मार्क पडून इंजिनिअरिंगला आलेली. तिचे वडील तिला सोडून गेले त्या दिवसापासून ती गप्प झाली. सकाळी कॉलेजला जायची आणि दुपारीच परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. अक्कांना वाटलं, पोरीला घरची आठवण येते आहे. त्यांनी मला आतून हाक मारून सांगितलं, "शालन, आमटीत गुळाचा खडा जरा मोठा टाक. गोड खाल्लं की माणसाला बरं वाटतं." मी टाकला. पोरीने तिसऱ्या दिवसापासून आमटीला हातच लावला नाही. अक्का म्हणाल्या, "अजून थोडा टाक."

तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी वर्षाने ट्रंक भरली आणि अक्कांसमोर येऊन उभी राहिली. "आजी, मी घरी जाऊन राहिली. मले इथलं काहीच समजत नाही. सर इंग्रजीत बोलतात, पोरी इंग्रजीत हसतात. मले नाही जमत." मी दाराआडून ऐकत होते. आता अक्का पोरीला फाडून खातील असं वाटलं, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "जा की. पुणं काही तुझ्यासाठी अडून बसलेलं नाही. पण पंधरा दिवस थांब. सोळाव्या दिवशी मी स्वतः तुला गाडीत बसवून देते." मग तिला घेऊन त्या अंगणात गेल्या आणि बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. आत आल्यावर मला म्हणाल्या, "पोर बुजली आहे. उद्यापासून तू तिच्याबरोबर जा. बाहेर बसून राहा, दुपारी तिला जेवू घाल आणि संध्याकाळी घेऊन ये." मी लगेच म्हटलं, "मी? अक्का, मला नाही जमणार." "तुला भाषण करायला नाही पाठवत. बसता येतं ना? बसून राहा." "मग पोळ्या?" "मला लाटता येतात, तू यायच्या आधी मीच लाटत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा तयार होता. अक्कांनी दोघींचं जेवण एकाच डब्यात भरलं होतं. आमटीच्या कप्प्याचं झाकण सैल होतं म्हणून त्याखाली दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक कापून घातलेलं. झाकण तळव्याने एकदा दाबलं, थांबल्या, पुन्हा दाबलं. म्हणाल्या, "डबा एकच आहे. एक पळाली तर दुसरी उपाशी राहील. बघा बुवा."

मोठा रस्ता ओलांडताना वर्षाने माझा हात घट्ट धरला. किती घाबरली आहे बिचारी, असं मला वाटलं, आणि तिच्यापायी मी माझी भीती गिळली. कॉलेजच्या फाटकात वॉचमनने अडवलं. "मावशी, कुणाकडे काम आहे?" मी नुसता डबा वर करून दाखवला. तो हसायला लागला. "फर्स्ट इयर का? बसा त्या झाडाखाली. पहिल्या महिन्यात येतातच घरचे. पुढे हीच पोरं ओळख दाखवत नाहीत."

मी कडुनिंबाच्या पारावर बसले. समोर वर्षाचा वर्ग, दुसऱ्या मजल्यावर. ती खिडकीशी बसायची आणि सारखी खाली माझ्याकडे बघायची. मी आहे ना, याची खात्री करून घेते आहे असं मला वाटायचं, म्हणून मी जागची हलायचे नाही. पहिले दोन दिवस मान खाली घालून बसले. तिसऱ्या दिवशी वर बघितलं. मुलं हातात लांब नळकांडी घेऊन धावत होती, त्यात ड्रॉइंगचे कागद असतात हे पुढे कळलं. बेल झाली की सगळं आवार गजबजायचं, पुन्हा बेल झाली की माझ्याशिवाय कुणी उरायचं नाही. म्हणजे कॉलेज असं असतं, असं मनात आलं. चौथीनंतर मी शाळेच्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आता कुणी मला बाहेर काढत नव्हतं. वॉचमन चौथ्या दिवशी म्हणाला, "काय मावशी, आज कोणतं लेक्चर?" मी तोंडाला पदर लावून हसले. परक्या माणसासमोर हसल्याला मला वर्षं झाली होती.

दुपारी आम्ही दोघी पारावर डबा उघडायचो आणि न बोलता जेवायचो. ती पोळी-भाजी खायची, आमटी ठेवायची. पाचव्या दिवशी मीच कसंबसं विचारलं, "आमटी आवडत नाही का गं?" तिने आमटीचा कप्पा जरा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "काकू, राग नका मानू... तुमच्याकडे वरणात साखर कावून टाकतात?" कावून म्हणजे का, एवढं मला कळलं. "गूळ असतो," मी म्हटलं. "अगं, तुला घरची आठवण येते म्हणून आम्ही रोज जास्त जास्त टाकत होतो!" ती आधी घाबरली, मग फुटलीच. इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आवरेना. बाजूने जाणाऱ्या मुली थांबून बघायला लागल्या, तरी थांबेना.

संध्याकाळी ही गोष्ट अक्कांना सांगायची होती आणि वर्षा काही सांगणार नव्हती. म्हणजे मीच सांगायचं. स्वयंपाकघरात दोनदा गेले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा म्हटलं, "अक्का, तिला गूळ चालत नाही." त्या वळल्या. "अख्खं कर्वेनगर जेवून गेलं माझ्या हातचं, कुणी ब्र काढला नाही. आणि ही...?" मी म्हटलं, "ती उपाशी राहते आहे, अक्का. आपल्यामुळे." हे मी त्यांच्या तोंडावर बोलले, याचं मलाच नवल वाटलं. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी डब्याच्या एका कप्प्यात माझी गोड आमटी होती आणि दुसऱ्यात तिखटजाळ बिनगुळाचं वरण, वर ठेचा. "सांग तिला," अक्का म्हणाल्या, "हे खाऊन डोळ्यांतून पाणी आलं तर घरची आठवण म्हणून खपवता येईल."

पोटात अन्न जायला लागलं तशी वर्षा बोलायला लागली. वर्गात काय शिकवलं ते मला पारावर सांगायची. मला अर्धं कळायचं नाही, पण मी मान हलवायचे. वर्कशॉपमध्ये त्यांना लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीने घासून अगदी काटकोनात आणायचा होता. शहरातल्या मुलींच्या हाताला फोड आले. हिने घरी वडिलांबरोबर विळे-कोयत्यांना धार लावलेली, हिचा तुकडा पहिल्या फटक्यात बरोबर आला. सरांनी तो सगळ्यांना दाखवला. त्या दिवशी ती धावत खाली आली आणि काळ्या झालेल्या हातांनीच पोळी तोडायला लागली. "काकू, त्या इंग्रजीवाल्या पोरी मले विचारून राहिल्या, कसं केलं म्हणून!"

त्यानंतर एका दुपारी बेल झाली, आवार भरलं, रिकामं झालं, आणि वर्षा आलीच नाही. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. वॉचमन लांबूनच म्हणाला, "आली नाही ना? मग रुळली म्हणायची. जेवून घ्या तुम्ही." तेवढ्यात ती कॅन्टीनकडून पळत आली, मागे तीन मुली. "सॉरी काकू, या सोडत नव्हत्या. ही आमची काकू. डबा उघडा नं, यांना ठेचा पाहिजे!" चार पोरींनी मिळून दोघींचा डबा दोन मिनिटांत संपवला. मला घासभर पोळी उरली. इतकं पोट भरल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी सकाळी अक्का पातळ बदलून, पिशवी घेऊन दारात उभ्या. "चल गं, गाडीत बसवते. शब्द म्हणजे शब्द." वर्षा कागद गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या सबमिशन आहे, आजी." "बरं. मग सबमिशन उरकून जा," असं म्हणून अक्का पिशवी घेऊन भाजी आणायला निघाल्या. दोन पावलांवर थांबल्या आणि ती पिशवी माझ्या हातात दिली. "तूच जा. माझे गुडघे दुखतात." तेव्हापासून मंडई माझ्याकडे आली. पुढे हॉस्टेलवर डबे पोचवणं आलं, बसचे नंबर पाठ झाले, आजारी मुलांना दवाखान्यात नेणं आलं. अक्कांचे गुडघे खरोखर दुखायला लागले ते दहा-बारा वर्षांनी.

वर्षा चार वर्षं आमच्याकडे राहिली. आता ती खराडीला एका मोठ्या कंपनीत आहे, तिच्या हाताखाली माणसं आहेत. अक्कांच्या दहाव्याला ती आली होती. सगळे गेल्यावर स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसली. मी म्हटलं, "अक्कांनी मला तुझ्यासोबत पाठवलं नसतं तर तू गेलीच असतीस गं." ती माझ्याकडे विचित्र बघायला लागली.

"काकू, तुम्हाला अजून माहीत नाही?"

"काय?"

"त्या दिवशी अंगणात आजी मला म्हणाल्या, 'माझी धाकटी जाऊ दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही. माझ्या शब्दाने पडणार नाही, तुझी अडचण म्हटल्यावर पडेल. तू पंधरा दिवस तिला घेऊन जा, मग जा खुशाल तुझ्या गावाला.' मी तुमच्यासाठी थांबले होते, काकू. वर्गातून सारखी बघायचे ते तुम्ही पळून तर गेला नाहीत ना म्हणून. रस्त्यात तुमचा हात धरायचे..." आणि इतकी वर्षं पुण्यात काढलेली, फाडफाड इंग्रजी बोलणारी ती बाई रडता रडता म्हणाली, "मले वाटे, तुमाले सगळं माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. अक्कांच्या लक्षात आलेलं नाही असं मी ज्या दोन वर्षांबद्दल समजत होते, त्यातला एकेक दिवस त्यांनी बघितला होता. मला बाहेर पड म्हणून त्या एकदाही बोलल्या नाहीत आणि बाहेर पडल्यावर बघ मी काढलं, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांचे आभार मानायचे राहून गेले असं मी आता म्हणते, पण मानले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "कशाबद्दल? तू डबा पोचवलास."

मागच्या आठवड्यात मी तोच डबा काढला. दोन बस बदलून खराडीला गेले. काचेच्या मोठ्या इमारतीच्या फाटकात शिपायाने विचारलं, "मावशी, कुणाकडे काम आहे?" मी म्हटलं, "वर्षाकडे. डबा आहे, आम्हा दोघींचा." वर्षा गळ्यातल्या ओळखपत्रासकट तशीच खाली आली आणि आम्ही बाहेरच्या कठड्यावर बसलो. मी तिचं तिखट वरण तिच्यापुढे ठेवलं आणि माझा कप्पा उघडला. झाकणाखाली अक्कांनी कापून ठेवलेलं प्लास्टिक होतं, कडा पिवळ्या पडलेल्या. वर्षाने तिचा कप्पा माझ्याकडे सरकवला.

"आज गुळाची मला द्या," ती म्हणाली.

तिने सगळी संपवली. मग डबा मीच लावला. झाकण तळव्याने दाबलं, थांबले, आणि पुन्हा एकदा दाबलं.