डाव्या कानातला पखवाज

घरच्या कॉम्प्युटरमधून आवाज कसा काढायचा हे मला कुणी शिकवू नये. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांचे कॉम्प्युटर मीच लावून दिलेत आणि प्रत्येकाला एकच सांगतो. हेडफोनची पिन थेट कॉम्प्युटरच्या भोकात खुपसू नका, आत सगळी किरकिर असते. आवाज यूएसबीतून आकड्यांच्या रूपातच बाहेर काढा. बाहेर एक छोटी डबी लावा, तिला डॅक म्हणतात, ती त्या आकड्यांचा आवाज करते. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम पुरा ठेवा, कमी-जास्त डबीवर करा. गाणं ज्या सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे जितके आकडे भरलेत, तोच रेट सेटिंगमध्ये ठेवा. आणि आवाज सुधारून देतो म्हणणारी जी काही टिक दिसेल ती आधी काढून टाका. बायको म्हणते, "लोक चहाला बोलावतात आणि हा जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरला हात लावतो." म्हणू दे. एकदा ऐकलं की तेच लोक गप्प होतात.

ह्याच जोरावर मी काकांना रविवारी घरी बोलावलं होतं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घाटकोपरला राहतात. पूर्वी आमचं भजनी मंडळ होतं, सगळे कोकणातून गिरणीत आलेले. काका बुवा, म्हणजे पेटी घेऊन गाणारे. बाबा पखवाजावर आणि झांजेवर मी. गावी डबल बारीला जायचो. एका बुवाने गायचं, समोरच्या बुवाने त्याला उत्तर द्यायचं, आणि कोण सरस ते बसलेल्या गावाने ठरवायचं. अशाच एका बारीत, ऐन गजरात, समेवर आमचं फिसकटलं. गाणं एकीकडे, पखवाज दुसरीकडे. लोकांनी शिट्ट्या मारल्या, बारी हातची गेली. खाली उतरल्यावर काका सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, "दादा, तुझो हात गेलो आता." बाबा एवढंच म्हणाले, "माझो हात चुकलो नाय." त्यांचा नाही तर मग काकांचाच चुकला असणार. भजनात भांडण कायम बुवाचं आणि पखवाजवाल्याचं, झांजवाल्याला कोण विचारतं? मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. बाबांच्या बाजूने काकांशी कचाकचा भांडलो होतो.

त्या दिवशी बाबांनी पखवाज गवसणीत घातला आणि कपाटावर ठेवला, तो ठेवलाच. दोघे भाऊ लग्नाकार्यात भेटतात. "जेवलास?" "जेवलंय." झालं बोलणं.

आता बाबा ऐंशीच्या पुढे आहेत. डावा कान पूर्ण गेला आणि उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. कान आहेत तोवर दोघे भाऊ एकदा तरी बोलावेत असं मला फार वाटायचं. आणि गेल्या महिन्यात घराचं रंगकाम काढलं तेव्हा पखवाज खाली उतरवला, तर गवसणीत कॅसेट. त्याच बारीची. गावातल्या एकाने दोन माइकवाला मोठा टेपरेकॉर्डर समोर ठेवून भरलेली. म्हणजे पुरावा घरात आणि हा माणूस इतकी वर्षं तो वाजवून बघत नाही. मला संतापच आला. मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. "रविवारी या. होऊन जाऊ दे दूध का दूध."

"येतंय," काका म्हणाले. "पण चूक दादाचीच निघाली तर रडू नको."

बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "कशाक रे? जुना असा ता, रवान दे." मला वाटलं, घाबरले. म्हटलं, तुम्ही चुकला नाहीत ना, मग मी दाखवतोच.

शनिवारी सकाळी कामाला बसलो. जुन्या कॅसेट डेकच्या हेडजवळ एक बारका स्क्रू असतो, तो केसभर फिरवत फिरवत झांजेची धार नीट आणली. मग कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली, डबी लावली, रेट जुळवला आणि हेडफोन चढवले. आणि माझी वाट लागली. गजर आला तशी सगळी खिचडी. पेटी, झांज, पखवाज, सगळं डोक्याच्या मधोमध एका गोळ्यात. त्यातून जे काही कळत होतं त्यात पखवाज मागे पडलेला वाटत होता. काकाच बरोबर होते की काय? आणि उद्या त्यांना मीच घरी बोलावून बाबांची चूक ऐकवणार? वायर बदलली, डबी बदलली, सगळी सेटिंग दोनदा तपासली. तासभर नुसता चिडचिड करत होतो.

शेवटी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, दिवाळीत तू बाबांसाठी ते काहीतरी केलं होतंस ना, सगळं एका कानात यायला?"

मोनो. बाबांना एकाच कानाने ऐकू येतं म्हणून दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करणारं बटण मीच चालू केलं होतं आणि विसरलो होतो. अख्ख्या सोसायटीच्या टिका काढत फिरणारा मी, आणि माझ्याच घरात चालू.

बंद केलं आणि सगळे आपापल्या जागी जाऊन बसले. काका मध्ये, पखवाज डाव्या कानात, झांज उजव्या. गजर जवळ आला. डावीकडे बाबांचा हात खुंटा ठोकल्यासारखा पक्का. काकाही त्यांच्याबरोबर. उजवीकडे झांज हळूच पुढे सरकली. आणखी सरकली. काका तिच्या मागे ओढले गेले, आणि समेवर पखवाज एकटा, आपल्या जागेवर उभा.

झांज माझी होती. मला ती बारी लख्ख आठवली. बाबांच्या हाताकडे बघायचं सोडून मी लोकांकडे बघत, हात उंच नेऊन ऐटीत वाजवत होतो.

बाबा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर चढवले. मी पुन्हा लावलं. उजव्या कानाने त्यांनी झांज ऐकली. मग हेडफोन काढले, उलटे करून घातले आणि मला खूण केली, परत. आता चांगल्या कानात पखवाज होता. डोळे मिटून, गुडघ्यावर बोटं हलवत त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"बरा वाजवलंय मी," ते म्हणाले.

मी त्यांच्या उजव्या कानाशी वाकलो. "बाबा, मी चुकलो."

"माका ठाऊक होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बावीस वर्षांचो होतंस. गाव हसला असता तुका. परत झांज हातात धरली नसतंस."

तशीही मी ती धरली नाहीच. मला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. सख्खा भाऊ गमावला त्यांनी, पखवाज गमावला, आणि मी इतकी वर्षं काकांना नावं ठेवत फिरलो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या भावाक दुसरा कायतरी लाव."

मी नाही लावलं दुसरं. रविवारी काका आले, त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन दिले आणि म्हटलं, "काका, उजव्या कानाकडे लक्ष ठेवा." मोनो बंद आहे ना हे तीनदा तपासलं होतं. त्यांनी एकदा ऐकलं. पुन्हा लाव म्हणाले. मग हेडफोन मांडीवर ठेवून माझ्याकडे न बघता बाबांकडे बघत राहिले.

"दादा, तोंड उघडूक काय झाला होता तुका?"

बाबांना ऐकू गेलं नाही. काका उठले, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि तेच मोठ्याने म्हणाले. बाबा थोडं हसले.

"जेवलास?" त्यांनी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "आधी पखवाज काढ."

बायकोने पोळ्यांची कणीक पुढे केली, ती मी घुमारा यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या अंगाला लावली. ताण धरणाऱ्या चामड्याच्या वाद्या सैल पडल्या होत्या, आवाज बसका होता, आणि त्यावर चालेल असं कुठलंही सेटिंग माझ्याकडे नव्हतं. पेटी नव्हती, काका टाळी देऊनच गायला लागले. बाबा त्यांच्या ओठांकडे बघत वाजवत होते, कारण कानांचा भरवसा नव्हता. झांजही गवसणीतच होती. काकांनी ती माझ्या हातात कोंबली.

"घे. आणि दादाच्या हातावरची नजर काढू नको."

मी काढली नाही.