येझदीची डावी बाजू

नाशिकच्या जेलरोडला आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, तर त्याने चपला काढायच्या आत मला बातमी असते. तेव्हा जयराम पगारेच्या पत्र्याच्या शेडमध्ये काय चाललंय हे मला कळणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं. बायका म्हणायच्या, म्हातारा दार लावून आत पितो. वास यायचा खरा, पण तो रॉकेलचा आणि ग्रीसचा. एकदा मी सरळ दार ढकलून आत गेलो. जुन्या येझदी मोटारसायकलचा सांगाडा उभा होता आणि जयराम पाटावर बसून टूथब्रशने चाकाची एकेक तार घासत होता. स्वतःचे दात त्याने जन्मात एवढे घासले नसतील.

"काय रे हे, जयराम?"

"विठा आली की तिला हिच्यावरून फिरवणार."

"अरे, आधी येऊ तर दे!"

त्याने पुढची तार घासायला घेतली.

विठाबाई म्हणजे त्याची बायको. लेकीच्या, तेजलच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती नातू शाळेत जायला लागला तरी तिथेच. गल्लीने यावर पुष्कळ कथा रचल्या. भांडण झालं, वेगळी झाली, काय नि काय. दोन-तीन कथा माझ्याच होत्या, नाही कशाला म्हणू! पण खरी गोष्ट अगदी साधी. तेजल आणि जावई दोघंही नोकरीला, आणि पोरगं आजीच्या हातचंच जेवणार. जयरामही गेला होता तिकडे राहायला. पंधरवड्यात परत आला. "अण्णा, अकराव्या मजल्यावर माझ्या हातांना कामच नाही रे," म्हणाला. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात बॉयलरच्या देखभालीत ज्याची उमर गेली, तो तिथे नातवाची सायकल तीनदा खोलून तीनदा जोडून आला होता.

आता या येझदीचं सांगायचं तर, तिच्यावरून जयरामची फार मस्करी केली आहे आम्ही. नोकरीला लागल्यावर पहिल्या बोनसवर त्याने ती घेतली. तेव्हा तो सडाफटिंग. केस कानावर, पॅन्टचा घोळ असा की दोन माणसं मावतील. मग दिंडोरीकडची विठा सांगून आली. सासरा गाडी बघायला म्हणून आला आणि जावयाकडे न बघता मागच्या चाकाकडे बघत बसला. "पोरीचा पदर यात गेला तर?" म्हणाला. आणि लग्नाच्या आधी स्वतः दिंडोरीच्या लोहाराकडून घडवून आणलं. मागच्या चाकाला डाव्या अंगाने लोखंडी जाळी आणि जाळीखाली बाईमाणसाला दोन्ही पाय ठेवायला लांबट पायदान. आम्ही म्हणायचो, सासऱ्याने हुंडा दिला नाही, पिंजरा दिला. पण त्या पायदानावर पाय ठेवून, एका अंगाला बसून, विठाबाई सगळं नाशिक फिरली. इगतपुरीच्या पावसात भिजून आली. पोटात तेजल असताना दवाखान्यातसुद्धा त्याच गाडीवरून गेली. टाचेने घासून घासून पायदानाच्या कडेचा रंग गेला होता, आतलं लोखंड चांदीसारखं दिसायचं.

तर ती गाडी आता नवी होत होती. इंजिनाचं काम भिकन मिस्तरीकडे. हा मालेगावकडचा. तोंडात तंबाखू, आणि तोंड उघडलं की एकच धोशा, "पगारे साहेब, ओरिजिनल म्हंजे ओरिजिनल!" जयरामकडे गाडी शोरूममधून बाहेर काढली त्या दिवशीचा फोटो होता. गाडीला हार, शेजारी तो, मिशी नुकती फुटलेली. तो फोटो त्याने शेडमध्ये खिळ्याला लावला आणि ठरवलं, गाडी हुबेहूब अशीच करायची. टाकीचा तोच लाल रंग, त्याच्यावर हाताने ओढलेली तीच सोनेरी रेघ, तसेच दोन लखलखीत सायलेन्सर. फोटोत जे होतं ते त्याने जुन्या बाजारातून हुडकून आणलं. फोटोत जे नव्हतं ते काढून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकलं.

उन्हाळ्यात दिंडोरीला विठाबाईच्या भाच्याचं लग्न निघालं. ती पुण्याहून दोन दिवसांसाठी येणार होती. जयरामने बेत आखला की लग्नाला जायचं ते येझदीवरूनच, पूर्वी माहेरी जायचे तसं. "एकदा मागे बसली ना अण्णा, तो आवाज ऐकला ना, की पुण्याचं नाव काढायची नाही," म्हणाला. मी चेष्टा करणार होतो, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसलो. मला गप्प बसणं किती जड जातं, ते माझी बायको सांगेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी अख्खी गल्ली बाहेर. जयरामच्या अंगात इस्त्रीचा शर्ट, केसांना कलप. भिकन लांब उभा राहून फडक्याला हात पुसत होता. जयरामने किक मारली, दुसऱ्याच किकला गाडी बोलली. समोरच्या वाळत घातलेल्या चादरींवर निळा धूर गेला. येझदीत एक गंमत असते. किकचा दांडाच पुढे पाडला की गिअरचा होतो. जयरामने तो असा झोकात पाडला, की वय विसरून पोरी बघाव्यात. पोरी कुठल्या, आम्हीच सगळी म्हातारी.

"मस्त शे!" भिकन ओरडला.

विठाबाई दारात आली. मोरपंखी साडी, खांद्याला पिशवी. गाडीकडे बघून हसली, पार डोळ्यांपर्यंत हसली. टाकीवर हात फिरवला. मग सवयीने पदर खोचत डाव्या बाजूला गेली आणि थांबली.

"अहो, माझं पायदान?"

जयराम आरशातून बघत होता. त्याने मान वळवली.

"जाळी पण नाही. पाय कुठं ठेवू मी?"

"अगं... ते ओरिजिनलला नव्हतं."

विठाबाईने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

"ओरिजिनलला मी पण नव्हते," ती म्हणाली.

भिकनने तंबाखू थुंकायचं निमित्त करून तोंड फिरवलं. विठाबाईने कोपऱ्यावरची रिक्षा बोलावली, थेट दिंडोरीपर्यंत ठरवली आणि बसली. जयराम तसाच उभा, खाली गाडी फटफटतेय. मग मला म्हणाला, "अण्णा, तू बस."

असा मी विठाबाईच्या जागेवर बसून लग्नाला गेलो. पुढे रिक्षा, मागे आम्ही. छाटणी झालेल्या द्राक्षबागा दोन्हीकडे उघड्याबोडक्या. रिक्षाच्या मागच्या बारक्या खिडकीतून तिचा अंबाडा दिसायचा. तो एकदाही वळला नाही, आणि जयरामने एकदाही रिक्षाला ओव्हरटेक केलं नाही. लग्नात भंतेजींचं आशीर्वचन चालू असताना हा मंडपाबाहेर गाडीजवळ उभा. लोक येऊन फोटो काढत होते. गाडीचे.

दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली. जाताना त्याच्यासाठी लसणाची चटणी करून ठेवली, म्हणजे अबोला नव्हता. पण मुक्काम वाढवला नाही.

त्यानंतर जयराम भंगारची दुकानं पालथी घालत हिंडला. लोखंडाच्या ढिगाऱ्यात हात घालून कडेला घासलेलं एक पायदान शोधत होता. भंगारवाले हसायचे. मीही हसलो असतो, पण त्याच्या नखांखालचं रक्त दिसलं. ते पायदान सापडलं नाही. कुठल्या तरी भट्टीत वितळून कशाची तरी सळई झालं असेल.

शेवटी भिकनकडेच गेला. भिकन कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, गाडीनी वाट लागी जाई!"

"लागू दे."

जाळी झाली. पायदान झालं. लावायच्या आधी जयरामने पुण्याला फोन केला. मी शेडमध्येच होतो, उगाच नट-बोल्टांच्या डब्यात बघत. फोन स्पीकरवर, कारण हात ग्रीसने भरलेले.

"विठा, पायदान लावतोय. मागच्यासारखंच लावू ना?"

पलीकडे नातू काहीतरी मागत होता. तिने आधी त्याला गप्प केलं. मग म्हणाली, "दोन बोटं खाली लावा. गुडघा आता तेवढा वाकत नाही."

जयरामने मला दिसू नये म्हणून तोंड फिरवलं आणि ग्रीसच्या हातानेच डोळे पुसले. गालावर काळा पट्टा उठला तो उठलाच. पायदान मात्र त्याने बोटं लावून, मापून, दोन बोटं खालीच लावलं.

ती अजून आलेली नाही. नातवाच्या शाळेला सुट्टी लागली की बघू, म्हणाली आहे. जयराम संध्याकाळी गाडी काढतो, कधी कधी मलाही नेतो. परवा पाय अवघडले म्हणून मी मागे बसल्या बसल्या उजवा पाय डावीकडे घेऊन दोन्ही पाय त्या पायदानावर टेकवायला गेलो. त्याने रस्त्यातच गाडी थांबवली.

"अण्णा, पाय दोन्हीकडे टाकून बस."

"अरे, रिकामंच तर आहे!"

"असू दे," तो म्हणाला, आणि मी पाय उचलेपर्यंत त्याने गिअर टाकला नाही.