उजव्या हाताला समुद्र

बातमी मला मासळी बाजारात कळली. सकाळी पिशवी घेऊन नेहमीच्या शेवंतीकडे गेलो आणि बांगड्यांच्या वाट्याकडे बोट दाखवलं. तिने त्यावर ओला फडका टाकला. "आज मासली नुको न्हेव, मास्तर," ती म्हणाली. "आपलं दादा गेलं." दादा म्हणजे विलास, माझा लहानपणापासूनचा मित्र. आदल्या संध्याकाळी मी विलासला इस्पितळात पेज भरवून आलो होतो, आणि पेजेत मीठ कमी म्हणून त्याने मला शिव्याही घातल्या होत्या. एवढ्या खणखणीत शिव्या घालणारा माणूस सकाळपर्यंत जातो कसा... शेवंतीनेच मला हाताला धरून रिक्षात बसवलं. नात्याने ती विलासची कोणी नव्हती. तरी तिने पाटी आवरली आणि त्या दिवसाचा धंदा तिथेच थांबवला.

वर्तमानपत्रांत त्याच्याविषयी जे छापून आलं ते सगळं खरं आहे. मुंबईचा क्लब, मग कोलकात्याचा, डावीकडून वाऱ्यासारखा धावणारा विंगर, अंगावर देशाची जर्सी. पण हे सगळं त्याने रत्नागिरीबाहेर केलं. मांडवीत तो आमचा इल्या होता, आणि मी त्याचा गोलकीपर. गोलकीपरच्या वाट्याला खेळणं कमी आणि बघणं जास्त येतं. मी त्याला सतत पाठीमागून बघितला, म्हणून त्याच्याविषयी बोलायचा थोडा हक्क माझ्याकडे आहे असं मी धरून चालतो.

आम्ही खेळायचो मांडवीच्या काळ्या वाळूत. मैदान म्हणजे ओहोटीने मोकळी केलेली जागा, आणि सामना संपायचा तो पाणी गोलात शिरलं की. आमचे नियम आमचेच होते. चेंडू समुद्रात जो घालवील त्याने पोहून आणायचा. अर्ध्या वेळेला बाजू बदलायची भानगड आम्हाला ठाऊकच नव्हती. आमच्या वाडीने किनाऱ्याच्या टोकाच्या किल्ल्याकडे पाठ करून खेळायचं, समोरच्यांनी किल्ल्याकडे तोंड करून, हे आमच्या बापांच्या वेळेपासून ठरलेलं होतं, आणि आखलेला बांध कोणी हलवत नाही तसं तेही कोणी बदललं नाही. त्यामुळे इल्याच्या उजव्या हाताला कायम समुद्र असायचा. पोहायचा कंटाळा होता म्हणून पोरगा डावीकडून पळायला शिकला. पुढे त्या डाव्या बाजूविषयी जाणकारांनी बरंच पांडित्य केलं. आम्ही मांडवीकर ते वाचून हसायचो.

पण याच सवयीने आमची एकदा अशी फजिती केली की सांगता सोय नाही. शाळेचा संघ घेऊन आम्ही कोल्हापूरला गेलो होतो. खरंखुरं गवताचं मैदान, जाळी लावलेले गोल, आणि बघायला ही गर्दी. कोल्हापूरकरांना फुटबॉलचं वेड. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. मी दुसऱ्या टोकाच्या गोलात जाऊन उभा राहिलो. शिट्टी झाली, इल्याला चेंडू मिळाला, आणि तो गर्रकन वळून निघाला तो माझ्याकडेच. आधी मला वाटलं गंमत करतोय. मग त्याने आमचाच एक गडी चुकवला, मग दुसरा. "इल्या, अरे मी आहे मी!" असं मी ओरडलो. त्याने खांद्याची हूल देऊन मला डावीकडे झुकवलं आणि उजव्या कोपऱ्यात असा काही चेंडू मारला की मला परत वळताही आलं नाही. मैदान गप्प. मग एका कोपऱ्यातून कोणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळं कोल्हापूर टाळ्या वाजवायला लागलं. इल्या दोन्ही हात वर करून नाचत होता. आपण स्वतःवरच गोल केलाय हे त्याला माझ्या तोंडाकडे बघून कळलं.

त्या गर्दीत मुंबईच्या एका क्लबचे म्हातारे प्रशिक्षक होते. सामना हरून आम्ही माना खाली घालून बसलो होतो, तेव्हा ते आमच्या सरांकडे आले आणि म्हणाले, "हा मुलगा मला द्या. गोल कुठल्या बाजूला आहे तेवढं मी शिकवीन, बाकीचं त्याला येतंय."

पुढचं लोकांना माहीत आहे. लोकांना माहीत नाही ते हे, की कितीही मोठा झाला तरी शिमग्याला तो घरी असायचा. पालखीला खांदा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूत उतरायचा. कोलकात्यात टॅक्सीवाले त्याला ओळखून भाडं घेत नसत. इथे त्याने गोल चुकवला की शेवंतीची सासू बांधावरून ओरडायची, "कलकत्त्यात हेच शिकवत्यात काय रे तुला?" त्याला हे फार आवडायचं. "वशा," तो मला म्हणायचा, "तिकडे सगळे खरं बोलायला घाबरतात रे."

खेळणं थांबलं तेव्हा कोलकात्याच्या क्लबने प्रशिक्षकपद आणि राहायला जागा देऊ केली होती. तो नाही म्हणाला आणि बायको-मुलीला घेऊन मांडवीत आला. त्याला एकच वेड होतं, रत्नागिरीच्या मुलामुलींना खेळायला हक्काचं मैदान हवं. त्यासाठी तो किती उंबरे झिजवून आला याला सुमार नाही. प्रत्येक ठिकाणी त्याचा सत्कार झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला, मैदान मिळालं नाही. माझं डोकं फिरायचं, त्याचं नाही. त्याने त्या शाली बांबूंना बांधून वाळूत गोल उभे केले, आणि सामना संपला की नारळ फोडून पोरांना खोबरं वाटायचा. भरजरी शालींचे असे गोल जगात दुसरीकडे कुठे नसतील. शिकवायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. होडीवर जाणारी मुलं, शाळेतल्या मुली, अगदी देवरूखहून एसटीने येणारी पोरंही त्याच्याकडे शिकून गेली. आणि मध्यंतराला बाजू बदलायची हा नियम त्याने मांडवीत आणला. तो समजावून सांगताना माझ्याकडे बघायचा नाही.

वहिनी गेल्यावर तो एकटा पडला, आणि मग त्याच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. मुलगी मंजिरी पुण्याला असते, हुशार आहे, जिवाला जीव देणारी आहे. ती त्याला पुण्याला घेऊन गेली. मोठे डॉक्टर, वेळच्या वेळी औषधं, कशाची कमी ठेवली नाही. पण तो रोज मला फोन करून विचारायचा, "आज ओहोटी किती वाजता?" मी सांगायचो. मग तो म्हणायचा, "म्हणजे आता उतरली असतील पोरं." बस्स, एवढंच. मंजिरी हे शेजारच्या खोलीतून ऐकत होती. एक दिवस तिने गाडी काढली आणि आंबा घाट उतरून त्याला स्वतः आणून सोडलं. दारात मला म्हणाली, "आणलंय मी, काका. पण मला हे पटलेलं नाही. यांना काही झालं तर मी पोचणार कशी?"

तसंच झालं. त्याला इस्पितळात हलवल्याचं कळताच ती निघाली होती, पण घाटात वाहनं रात्रभर अडकून पडली होती. ती पोचली तेव्हा विलास गेलेला होता.

तेराव्यापर्यंत ती रडली नाही. आल्या-गेल्याला चहा दिला, सगळं रीतसर केलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती घर बंद करून पुण्याला निघायची होती. मी गेलो तेव्हा ती माजघरात ट्रॉफ्या जुन्या साड्यांत गुंडाळत होती. हातातली तशीच धरून ती म्हणाली, "काका, एक विचारू? पुण्यात असते तर बाबा कदाचित आज असते. या गावासाठी ते परत आले. या गावाने त्यांना काय दिलं? साधं एक मैदान दिलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. मी शाळेत मास्तरकी केलेला माणूस, उत्तरं देणं हाच माझा धंदा. पण मी खाली बसून पुढची ट्रॉफी साडीत गुंडाळायला घेतली.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. फस्स... फस्स... मंजिरी ट्रॉफी खाली ठेवून उठली. तो आवाज मीही ओळखला. पडवीतल्या खुंटीवर विलासचा हवा भरायचा पंप असायचा, आणि गावातला कुठलाही चेंडू बसला की पोरं तिथे येऊन हवा भरून न्यायची, विचारायची गरज नसायची. आम्ही बाहेर आलो. शाळेतल्या तिघी मुली चेंडू घेऊन खाली बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या. त्यातली एक चाचरत म्हणाली, "ताई, दादांनी सांगितलेलं, पडवी उघडी असली की यायचं... चालेल ना?"

मंजिरीचं तिच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती दुसरीच्या हाताकडे बघत होती. ती पोर पंपाची सुई तशीच कोरडी चेंडूत खुपसत होती. "थांब," मंजिरी म्हणाली. "कोरडी नाही घालायची, वॉल्व फाटतो." तिने सुई घेतली, जिभेला लावून ओली केली, चेंडू गुडघ्यात धरला आणि मनगट जरा फिरवत हळूच आत सरकवली. अगदी विलाससारखी. मग तिने पंप मारायला घेतला, आणि मारता मारता ती रडायला लागली. एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला, दुसरीने चेंडू धरून ठेवला. मंजिरी रडत होती आणि हवा भरत होती. मीही खांबाला धरून रडलो. चेंडू टणक झाल्यावर तिने तो अंगठ्याने दाबून बघितला आणि मुलींच्या हातात दिला.

संध्याकाळी निघताना तिने माझ्या हातात एकच किल्ली ठेवली. "ही आतल्या दाराची," ती म्हणाली.

"आणि पडवीची?"

"पडवीला कुलूप नको लावायला."

परवा तिचा पुण्याहून फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाली आणि मग ती म्हणाली, "काका, पंपाचा वॉशर गेलाय. त्या दिवशी मारताना लक्षात आलं, हवा बाजूने जात होती. मी नवीन घेऊन येते रविवारी." मी म्हटलं, "अगं, एवढ्याशा वॉशरसाठी एवढा घाट कशाला उतरतेस? इथे कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तरी येते."